शिंगाडा, हायड्रिला आणि आपले बॅकयार्ड

वेस्ट विंडसरचे नाव जगाला ठाऊक झाले ते ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री. ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाटकात मंगळावरची मंडळी पृथ्वीवर उतरली ती थेट आपल्या ग्रोव्हर्स मिलमध्ये. नाटक खरे समजून काही लोक घाबरले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले, आणि पन्नास वर्षांनी, १९८८ साली, तळ्याकाठच्या व्हॅन नेस्ट पार्कमध्ये त्याचे स्मारकही उभे राहिले. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो, फोटो काढतो.

हे नाटक ज्या कादंबरीवर बेतलेले होते ती एच. जी. वेल्स यांची, १८९८ सालची. तिच्यातली एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. मंगळावरून यंत्रांबरोबर एक लाल तणही येते. पाणी दिसले की ते झपाट्याने वाढते आणि पाहता पाहता थेम्स नदी तुंबवून टाकते. कादंबरीतली यंत्रे काही खरी झाली नाहीत, पण तण मात्र झाले. ते आकाशातून पडले नाही एवढेच. कुंडीतून, बियांच्या पाकिटातून, कॅटलॉगमधून आले, आणि बहुतेक वेळा कुणीतरी हौसेने, पैसे मोजून आणले. या इतिहासाची बरीच प्रकरणे आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरात घडली आहेत, आणि त्यांत आपल्या ओळखीच्या वनस्पती इतक्या वेळा भेटतात की वाचताना गंमत वाटते आणि थोडी धास्तीही.

सुरुवात करू या बॉर्डनटाउनपासून. रूट १३० ने खाली गेलो की वीस-पंचवीस मिनिटांत येणारे हे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात तिथे एडमंड स्टर्टेव्हंट नावाच्या गृहस्थाने पाणवनस्पतींची रोपवाटिका चालवली. अमेरिकेत पाण्यातली बाग ही हौस रुजवणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना होते. दक्षिण अमेरिकेतली, परातीएवढ्या पानांची व्हिक्टोरिया त्याने जर्सीच्या उन्हाळ्यात उघड्यावर वाढवून दाखवली. आणि आपले कमळ, लक्ष्मीच्या हातातले गुलाबी कमळ, त्याने बॉर्डनटाउनच्या पाण्यात असे रुजवले की ते तिथलेच होऊन गेले. कमळ म्हणजे उष्ण देशाचे फूल, ते इथल्या थंडीत कसे टिकणार, असे आपल्याला वाटते. पण त्याचा कंद चिखलात, बर्फाच्या थराखाली असेल तर हिवाळा मजेत काढतो.

तिथून थोडे पुढे, डेलावेअर नदीच्या काठी, रिव्हरटन. फिलाडेल्फियाच्या हेन्री ड्रियर कंपनीच्या प्रसिद्ध रोपवाटिका या गावात होत्या. कमळे आणि कुमुदे वाढवण्यात नाव मिळवलेला विल्यम ट्रिकर हा इंग्रज माळी तिथेच काम करीत असे. १८९७ साली त्याने पाण्याच्या बागेवर पुस्तक लिहिले. थोडक्यात, अमेरिकेतल्या घरोघरच्या लहान तळ्यांचे माहेर आपल्या या मध्य आणि दक्षिण जर्सीत आहे.

पण रिव्हरटनचे नाव इतिहासात राहिले ते कमळांमुळे नव्हे. १९१६ च्या उन्हाळ्यात गावाजवळच्या एका रोपवाटिकेत हिरव्या-तांबूस चकचकीत पाठीचे थोडेसे भुंगे सापडले. हाच तो जॅपनीज बीटल. जपानहून आलेल्या आयरिसच्या मुळांबरोबरच्या मातीत त्याच्या अळ्या आल्या असाव्यात असे मानले जाते. त्याला नेस्तनाबूत करण्याचा सरकारने प्रयत्न केला, पण दोन-चार वर्षांतच तो नाद सोडावा लागला. आज जुलै महिन्यात तुमच्या गुलाबाच्या पानांची जाळी झालेली दिसते ना, ती या पाहुण्यांच्या वंशजांची कामगिरी. सकाळी उठून साबणाच्या पाण्यात भुंगे झटकत बसणारे कितीतरी मराठी आजी-आजोबा मी पाहिले आहेत.

भुंगा सापडण्याच्या चारच वर्षे आधी, १९१२ साली, परदेशातून येणाऱ्या रोपांच्या तपासणीचा कायदा झाला होता. तो होण्यामागेही कथा आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये आपण मुलांना घेऊन वॉशिंग्टनला चेरीची फुले पाहायला जातो. ती झाडे जपानची भेट हे सगळ्यांना माहीत असते, पण ती दुसऱ्यांदा पाठवलेली भेट आहे हे फार थोड्यांना. १९१० साली आलेली पहिली दोन हजार झाडे किडींनी आणि रोगांनी इतकी भरलेली निघाली की राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या संमतीने ती चक्क जाळून टाकली. एका मित्रदेशाची भेट जाळायची म्हणजे केवढी पंचाईत! जपानने ते समजून घेतले आणि १९१२ साली नवी, निरोगी अशी तीन हजारांवर झाडे धाडली. त्याच सुमारास अमेरिकेची चेस्टनटची जंगले मरत होती. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर आलेली एक बुरशी १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात प्रथम दिसली आणि पुढच्या चाळीसएक वर्षांत अब्जावधी झाडे गेली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात काही बिघडले तर रात्रीतून जुनी आवृत्ती परत बसवता येते. जंगलाला ती सोय नाही.

आता शिंगाड्याकडे येतो. आषाढी, महाशिवरात्र, चतुर्थी. आपल्या घरात शिंगाड्याच्या पिठावाचून उपास होत नाही. त्याचा एक सख्खा भाऊ, चार शिंगांचा, युरोप-आशियातला, शोभेची पाणवनस्पती म्हणून इथे आला. १८७० च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथील वनस्पती उद्यानाच्या माळ्याने त्याच्या बिया आसपासच्या तळ्यांत टाकल्या. १८८४ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात स्कोशियाच्या एका तलावात तो हौसेने पेरला गेला. तिथून मोहॉक, मग हडसन. १९२३ मध्ये तो वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीत दिसला आणि दहा वर्षांत त्याने दहा हजार एकर पाणी झाकले. लष्कराच्या इंजिनिअरांनी यंत्रे लावून तो कापून काढला. त्यानंतरही हाताने उपटण्याचे काम कित्येक वर्षे चालू होते. न्यू जर्सीच्या तलावांतही तो आहे, आणि स्वयंसेवक उन्हाळ्यात कायाक घेऊन तो उपटत असतात.

असे का होते? दरवर्षी झाड मरते, पण बी चिखलात बारा वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणजे एका वर्षी दुर्लक्ष झाले की पुढची दहा-बारा वर्षे काम पुरते. पानांचा थर इतका दाट होतो की खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे मरतात, आणि काठावर आलेली काटेरी फळे पायात घुसतात. २०१४ साली व्हर्जिनियात, पोटोमॅकच्याच खोऱ्यात, आणखी एक शिंगाडा सापडला. हा दोन शिंगांचा, आशियाई. आपल्या उपासाच्या शिंगाड्याचा अगदी जवळचा. तो कसा आला हे सिद्ध झालेले नाही, पण अंदाज करायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. तेव्हा पीठ इंडियन ग्रोसरीतून खुशाल आणा. ताजी फळे मिळाली तर उकडून खा. पण घरामागच्या पाण्यात एखादे रुजवून पाहू, असा मोह कुणाला झाला तर त्याला थांबवा. (चायनीज जेवणातला डब्यातला वॉटर चेस्टनट हा मात्र वेगळाच, एका लव्हाळ्याचा कंद. नावसाधर्म्यामुळे त्याच्यावर उगाच आळ येतो.)

महाराष्ट्रात शिंगाडा पिकतो तो मुख्यत्वे पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाच्या तलावांत. हे माजी मालगुजारी तलाव तीनशे-चारशे वर्षांपूर्वी कोहळी समाजाने बांधले, आणि त्यांतली मासळी व शिंगाडा यांवर ढिवर समाजाची उपजीविका आहे. गेल्या काही दशकांत या तलावांत बेशरम माजली. हो, तेच तिचे नाव! फिकट जांभळ्या फुलांची, दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणि कुंपणासाठी आणलेली ही वनस्पती कुठेही, कशीही उगवते म्हणून लोकांनी तिला ते नाव दिले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि गावोगावच्या ढिवर स्त्री-पुरुषांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत अनेक तलावांतून बेशरम मुळासकट काढली आणि मग स्थानिक पाणवनस्पती शोधून, ओटीत घालून आणून, चिखलात लावल्या. कारण बेशरम काढून भागत नाही. माशांना अंडी घालायला, खायला, लपायला झाडोरा लागतो. त्यानंतर स्थानिक मासे परतू लागले.

त्यांनी लावलेल्या वनस्पतींत एक नाव हायड्रिलाचे आहे. ते वाचून मी खुर्चीतून उठलोच.

हायड्रिला आपल्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवत असेल. बीकरमध्ये पाणी, पाण्यात हायड्रिला, त्यावर उपडे नरसाळे, नरसाळ्यावर परीक्षानळी, आणि हे सारे उन्हात. बुडबुडे जमले की विझत आलेली काडी आत धरायची, ती भपकन पेटायची, आणि बाई म्हणायच्या, हा प्राणवायू. वहीत आकृती काढून तिला पेन्सिलीने छटा दिल्याशिवाय मार्क मिळत नसत. हीच वनस्पती १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापाऱ्यांनी फ्लोरिडात आणली. फिशटँकमधली हिरवळ म्हणून विकली, वाढवली, आणि ती पाण्याच्या वाटेने निसटली. पुढे जनुकीय तपासणी झाली तेव्हा फ्लोरिडाचा हायड्रिला बंगळूरच्या हायड्रिलाशी जुळला, आणि उत्तरेकडच्या राज्यांतला कोरियाच्या. एक इंचभर तुकडासुद्धा रुजतो, आणि चिखलातल्या गाठी वर्षानुवर्षे दम धरून बसतात. केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत तो आहे.

२०१६ साली तो आपल्या उंबरठ्यावर आला. डेलावेअर-रॅरिटन कालव्यात, म्हणजे वेस्ट विंडसरच्या पश्चिम कडेने जाणाऱ्या, जिथे आपण शनिवारी सकाळी चालायला जातो त्या कालव्यात, हायड्रिला सापडला. हा कालवा मध्य न्यू जर्सीच्या पिण्याच्या पाण्याचा एक मोठा स्रोत आहे. पाणीपुरवठ्यात अडथळा येऊ नये म्हणून पुढच्या वर्षीपासून अत्यंत कमी मात्रेत तणनाशक सोडण्याचे काम हाती घ्यावे लागले. एकीकडे अर्जुनी मोरगावच्या तलावात बायका कंबरभर पाण्यात उभ्या राहून हायड्रिला लावतात, दुसरीकडे प्रिन्स्टनच्या पाण्यात त्याच वनस्पतीवर औषध टाकावे लागते. दोघेही बरोबरच करतात. तिथे त्या वनस्पतीला खाणारे मासे आणि किडे आहेत, तिच्याशी स्पर्धा करणारे शेजारी आहेत. इथे कुणी नाही. झाड चांगले की वाईट हा प्रश्न नसतोच, ते कुठे आहे हा असतो.

आणि हा व्यापार एकाच दिशेने चालला असे समजू नका. पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नोंदले गेलेले काँग्रेस गवत मूळचे अमेरिका खंडातले. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून ते आले असे सांगतात. सह्याद्रीत पसरलेली घाणेरी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीवर दर उन्हाळ्यात जो हिरवा गालिचा दिसतो आणि जो काढायला महापालिका दरवर्षी ठेके देतात, ती जलपर्णी अॅमेझॉनची. तिच्या जांभळ्या फुलांवर साऱ्या जगातले बागप्रेमी भाळले. अमेरिकेत १८८४-८५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या कापूस प्रदर्शनानंतर ती पसरली असे म्हणतात. १८९० च्या सुमारास फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत पोचली आणि काही वर्षांतच तिने आगबोटी अडवल्या. लुइझियानाचे काँग्रेसमन रॉबर्ट ब्रूसार्ड यांनी १९१० साली यावर एक विधेयक मांडले: आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत, ते जलपर्णी खातील, आणि मग लोकांनी पाणघोडे खावेत! विधेयक मंजूर झाले नाही. तण घालवण्यासाठी पाणघोडे, मग पाणघोडे घालवण्यासाठी काय, हा विचारही त्या काळी कुणी केला असेल का कोण जाणे.

जर्सीच्या थंडीत जलपर्णी मरते, त्यामुळे इथे ती हंगामी म्हणून विकली जाते. हौदात लावायला हरकत नाही, पण ऑक्टोबरमध्ये जास्तीची रोपे ओढ्यात टाकू नका. कचऱ्याच्या पिशवीत वाळवून टाका. नद्या-तळी तुंबण्यात आपला दुसराही एक हातभार असतो. पुण्यात जलपर्णीला सांडपाणी पोसते, इथे तळ्यांतल्या शेवाळाला लॉनचे खत. ग्रोव्हर्स मिलचे तळेही गाळाने आणि तणाने भरले होते. या शतकाच्या पहिल्या दशकात ते उपसावे लागले. २०११ साली न्यू जर्सीने खताचा कायदा केला. माती तपासून गरज दिसल्याखेरीज लॉनवर फॉस्फरस टाकता येत नाही, आणि १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात घरमालकाने खत टाकायचेच नाही.

निवड चुकण्याच्याच सगळ्या कथा नाहीत. रूट वनवरून वॉशिंग्टन रोडने प्रिन्स्टनकडे वळलो की दोन्ही बाजूंना एल्मची उंच कमान लागते. हा रस्ता वेस्ट विंडसरच्या हद्दीत आहे, आणि ही झाडे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहेत. १९१३ साली किंग्स्टनला विल्यम फ्लेमर यांनी प्रिन्स्टन नर्सरीज सुरू केली. एके काळी ती देशातल्या सर्वांत मोठ्या रोपवाटिकांपैकी होती. १९२२ मध्ये फ्लेमर यांनी एक डौलदार देशी एल्म निवडून त्याची वाढ केली, तोच प्रिन्स्टन एल्म. १९३० साली युरोपातून आलेल्या लाकडाच्या ओंडक्यांबरोबर डच एल्म रोग अमेरिकेत पोचला आणि गावोगावचे एल्म वठले. प्रिन्स्टन एल्म बऱ्याच अंशी टिकला. रोग येण्याच्या आठ वर्षे आधी केवळ रूपावरून निवडलेले झाड रोगालाही पुरून उरले, याला दैव म्हणा. पुढे व्हाइट हाउससमोरच्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर झाडे लावायची वेळ आली तेव्हा हाच एल्म निवडला गेला. रोपवाटिका २०१० मध्ये बंद झाली, पण तिच्या किंग्स्टनच्या जागेत आज मेपल्टन प्रिझर्व्ह आहे. मुलांना घेऊन जरूर जा.

याउलट ब्रॅडफर्ड पेअर. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या डेव्हलपमेंटच्या रस्त्यांवर पांढऱ्या फुलांनी डवरणारे, आणि मासळीबाजाराचा वास सोडणारे झाड. १९६३ च्या सुमारास शेतकी खात्यानेच ते बाजारात आणले. याला फळ धरत नाही, असे सांगून ते विकले गेले. ते खरेही होते, जोवर सगळी झाडे एकाच कलमाची होती. मग बाजारात दुसऱ्या जाती आल्या, परागीभवन झाले, पक्ष्यांनी बिया नेल्या, आणि आज हायवेच्या कडेची पडीक रानेच्या राने पांढरी होतात. ओहायोने २०२३ पासून आणि पेनसिल्व्हेनियाने २०२४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली. तेव्हा लेबलवर ‘वांझ’ असे लिहिलेले असले तरी ते कुठवर खरे, हे विचारून घ्यावे.

आणखी एक विषय आपल्या लोकांच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे: कढीपत्ता. हिवाळ्यात घरात आणि उन्हाळ्यात डेकवर ठेवलेला कढीपत्ता नसलेले मराठी घर मी तरी इथे पाहिलेले नाही. पण कढीपत्ता हा लिंबाच्या कुळातला. लिंबू-संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त करणारा ग्रीनिंग रोग ज्या किडीमुळे पसरतो, ती सिलिड कीड कढीपत्त्यावर आनंदाने राहते. फ्लोरिडात ही कीड १९९८ साली आणि रोग २००५ साली सापडला. त्यानंतर तिथल्या संत्र्यांचे उत्पादन इतके घसरले की बागायतदारांनी शेती सोडल्या. २००९ साली कॅलिफोर्नियात फ्रेस्नो इथे भारतातून आलेल्या सामानातल्या कढीपत्त्यावर ही कीड पकडली गेली, आणि तिच्यात रोगाचे जंतूही निघाले. आईने प्रेमाने बॅगेत कोंबलेली पाच-पंचवीस पाने, आणि त्यावर अवलंबून कुणाचातरी आयुष्यभराचा बगीचा. रोप हवेच असेल तर ज्या भागात कीड नाही तिथे वाढवलेले, तपासणीचा दाखला असलेले घ्यावे. फ्लोरिडाहून स्वस्तात कुणी पाठवतो म्हणून मागवू नये. एखाद्या मैत्रिणीच्या घरच्या झाडाखाली उगवलेले रोप मिळाले तर त्याहून उत्तम काही नाही.

खरेदीला जाताना एक सवय मात्र लावून घेण्यासारखी आहे. लेबलवरचे शास्त्रीय नाव पाहावे. बाजारातले नाव फसवते. यलो फ्लॅग आणि ब्लू फ्लॅग हे दोन्ही आयरिस, शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. पिवळा युरोपचा आणि ओढ्याकाठी माजणारा, निळा इथलाच. पर्पल लूसस्ट्राइफच्या जांभळ्या तुऱ्यांनी इथल्या पाणथळ जागा गिळल्या. वेस्ट ट्रेंटनच्या सरकारी प्रयोगशाळेत त्याला खाणारे भुंगे वाढवून सोडावे लागले. पाणवनस्पती घरी आणल्यावर त्यांची मुळे बादलीत धुवावी, कारण गोगलगायी आणि हायड्रिलासारखे तुकडे चिकटून फुकट येतात. बांबू लावण्याआधी टाउनशिपचे नियम वाचावेत. पसरणाऱ्या बांबूवरून न्यू जर्सीत शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणे झाली आहेत.

कमळ हवेच असेल तर तळ्याच्या मातीत न लावता भोक नसलेल्या मोठ्या टबात लावावे. आपल्याकडची चिकण माती, ज्या मातीला आपण एरवी शिव्या देतो, ती त्याला उत्तम. एप्रिल-मेमध्ये कंद घ्यावा, कोंब मोडू देऊ नये, सहा-सात तास ऊन मिळावे, आणि पाण्यावर उभी पाने येईपर्यंत खत घालू नये. हिवाळ्यात टब गॅरेजमध्ये, गोठणार नाही अशा जागी.

आणि जलपर्णीच्या फुलांचा फारच मोह असेल तर तिची एक बहीण इथे पूर्वापार राहते: पिकरेलवीड. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे दोघींना एकाच प्रजातीसमूहात बसवले आहे. ही तरंगत नाही, काठाच्या चिखलात उभी राहते. देशी रोपांच्या नर्सरीत मे महिन्यात मिळते. मुळांवर दोन-तीन इंच पाणी राहील अशी लावली की जूनअखेरीपासून निळे-जांभळे तुरे येऊ लागतात आणि सप्टेंबरपर्यंत त्यांच्यावर मधमाश्यांची वर्दळ असते.